कॉलेज कसे पारखावे?



स्वयंपाकघरात जा आणि ॲल्युमिनियमचे एखादे पातेले हातात घेऊन पाहा. आज त्याची किंमत कोणी फारशी करीत नाही. परंतु १८८४ साली अमेरिकेतील वॉशिंग्टन स्मारकाच्या टोकावर बसविण्यासाठी या धातूचा एक लहानसा पिरॅमिड ओतण्यात आला, तेव्हा त्याचा भाव जवळजवळ चांदीच्या तोडीचा होता. पृथ्वीच्या कवचात हा धातू विपुल आहे. पण ऑक्सिजनशी त्याची मैत्री अशी घट्ट, की त्याला सोडविणे अतिशय खर्चाचे काम होते.

ते काम स्वस्तात कसे करावे, हे कोणी शोधून काढले? ओहायो राज्यातील ओबरलिन नावाच्या लहानशा गावातील एका लहानशा कॉलेजातून नुकत्याच पदवीधर झालेल्या २२ वर्षांच्या तरुणाने. त्याचे नाव चार्ल्स मार्टिन हॉल. २३ फेब्रुवारी १८८६ रोजी घरामागच्या लाकडे ठेवण्याच्या खोपटात त्याने क्रायोलाइट नावाचे खनिज वितळविले, त्यात ॲल्युमिना विरघळविला आणि घरीच तयार केलेल्या विद्युत्घटांच्या माळेतून प्रवाह सोडला. तळाशी धातूचे चकचकीत मणी जमले. त्याची बहीण ज्यूलिया हीसुद्धा रसायनशास्त्र शिकलेली होती आणि या खटपटीत ती त्याच्या बरोबर होती. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरू यानेही स्वतंत्रपणे हीच पद्धत शोधली. जगातील ॲल्युमिनियम आजही याच पद्धतीने निघते.

आता आपल्या विषयाशी संबंधित भाग ऐका. त्या कॉलेजात फ्रँक जुएट नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक होते. ते जर्मनीतील गॉटिंगेनला जाऊन आलेले होते आणि येताना ॲल्युमिनियमचा एक तुकडा घेऊन आले होते. हॉलला त्यांनी तो दाखविला, पुस्तके दिली, उपकरणे व रसायने वापरू दिली आणि पदवी मिळाल्यावरही त्याला प्रयोगशाळेचे दार बंद केले नाही. मणी मिळाल्यावर हॉल ते घेऊन प्रथम त्यांच्याकडेच गेला. कॉलेजने त्याला दिले ते एवढेच: एक जाणता शिक्षक आणि कपाटाची किल्ली.

(एक गोष्ट येथेच सांगून टाकतो, नाही तर तुमच्यापैकी कोणी तरी मला पकडेल. हॉलने मृत्युपत्रात आपल्या संपत्तीचा मोठा वाटा या कॉलेजला दिला, पुढे कॉलेजचे नाव झाले आणि आज तेथील एका वर्षाची नुसती शिकविण्याची फी साठ हजार डॉलरांच्या वर आहे. तेव्हा ओबरलिनला जा, असा सल्ला मी देत नाही!)

ही गोष्ट सांगण्याचे कारण असे. दहावी-बारावीचे निकाल लागले, की घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो: कोणते कॉलेज? आणि उत्तर शोधण्याची रीतही बहुधा एकच असते. शेजारच्या मुलाने कोठे प्रवेश घेतला, वर्तमानपत्रात कोणाची पान भरून जाहिरात आली, इमारत किती मजली आहे. वैद्यकीय आणि अभियांत्रिकीची गोष्ट निराळी. तेथे प्रवेशपरीक्षेतील गुणच पुष्कळसे ठरवून टाकतात. पण ज्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, वनस्पतिशास्त्र, गणित शिकायचे आहे, म्हणजे सरळ बी.एस्सी. करायचे आहे, त्याच्यापुढे निवड खरोखरच मोठी असते. २०२१-२२ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणात देशात ४५,४७३ महाविद्यालयांची नोंद झाली. केंद्र सरकारच्या संस्थांची क्रमवारी २०१६ पासून आणि त्यातील महाविद्यालयांची यादी २०१७ पासून निघते. पण तिच्यात नावे येतात ती वरच्या काही शेकड्यांची. उरलेल्या हजारो कॉलेजांबद्दल, आणि त्यांत तुमच्या तालुक्याचे कॉलेज बहुधा येतेच, ही क्रमवारी चांगलेही सांगत नाही आणि वाईटही नाही. म्हणजे पारख तुम्हालाच करावी लागणार. विज्ञानाच्या विद्यार्थ्याला मोजमापाची भीती कशाला?

कोणत्याही वस्तूचे मोल ठरविताना आपण मिळते किती आणि द्यावे लागते किती, याचे गुणोत्तर पाहतो. प्रथम छेद घेऊ, म्हणजे खर्च. येथे पहिली चूक होते ती फक्त फी पाहण्याची. समजा, शहरातल्या एका नामांकित कॉलेजाची फी वर्षाला १२ हजार आहे आणि तुमच्या गावापासून जवळच्या कॉलेजाची ९ हजार. फरक तीन हजारांचा. शहरच बरे, असे कोणीही म्हणेल. पण शहरात खोली आणि खानावळ मिळून महिन्याला ९ हजार धरा. दहा महिन्यांचे झाले ९० हजार. सणावाराला घरी येणे-जाणे, वरखर्च धरून वर्षाचा आकडा एक लाख दहा हजारांच्या आसपास जातो. जवळच्या कॉलेजाला एस.टी.चा सवलतीचा पास, वह्या-पुस्तके, डबा घरचा. वर्षाचे वीस हजार पुरेत. तीन वर्षांत फरक पडला २ लाख ७० हजारांचा. हे आकडे मी नमुन्यादाखल घेतले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला आणि वडिलांबरोबर बसून बेरीज करा. हीच रक्कम शिल्लक राहिली तर पुढे एम.एस्सी.ची दोन वर्षे, खऱ्या अर्थाने चांगल्या ठिकाणी, निघू शकतात.

परंतु घाई करू नका. खर्च रुपयांचाच असतो असे नाही. कॉलेज तासाभराच्या अंतरावर असेल तर जाण्यायेण्यात रोजचे दोन तास गेले. वर्षाचे १८० दिवस आणि तीन वर्षे धरली तर १,०८० तास एस.टी.त गेले! त्या तासांत पुस्तक वाचता येते म्हणणाऱ्याने आमच्या भागातील सकाळची साडेसातची गाडी पाहिलेली नाही. तेव्हा चाळीस किलोमीटरवरचे कॉलेज केवळ घरून जाता येते म्हणून स्वस्त ठरत नाही. त्यापेक्षा कॉलेजाच्या वसतिगृहात जागा मिळते का, हे विचारलेले बरे.

फीच्या बाबतीत एक बारकावा मात्र प्रत्येकाने समजून घ्यावा, कारण तो माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलेला नसतो. आपल्या राज्यात अनुदानित, विनाअनुदानित आणि स्वयंअर्थसहाय्यित असे प्रकार आहेत. अनुदानित तुकडीतील शिक्षकांचा पगार शासन देते, म्हणून फी कमी. पण एकाच कॉलेजात, एकाच छपराखाली, बी.एस्सी.ची जुनी तुकडी अनुदानित आणि शेजारचा संगणकशास्त्राचा किंवा जैवतंत्रज्ञानाचा वर्ग विनाअनुदानित, असे सर्रास असते. फी कित्येक पट जास्त! नवीन विषय घेण्यात गैर काहीच नाही. परंतु रसायनशास्त्राचा पाया घालायचा आहे आणि जैवतंत्रज्ञान हे नाव कानाला गोड लागते म्हणून तिप्पट फी भरायची, याला काय म्हणावे? अर्ज भरताना ‘माझी तुकडी अनुदानित की विनाअनुदानित?’ असे स्पष्ट विचारा. शिष्यवृत्त्यांचेही तसेच. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार अशा राज्य शासनाच्या योजना आहेत. अटी निरनिराळ्या आहेत आणि त्या बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीचे परिपत्रक पाहावे. मात्र अशा अनेक योजना अभिमत आणि खासगी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना लागू नसतात. एजंट हे सांगत नाही. तो कर्जाचा फॉर्म पुढे करतो.

आता अंश. मिळते काय? माझ्या मते विज्ञानाच्या विद्यार्थ्याला कॉलेजकडून मुख्यतः मिळवायची असते ती स्वतःच्या हाताने प्रयोग करण्याची संधी आणि आपली चूक दाखविणारा शिक्षक. पाठ्यपुस्तके सगळीकडे सारखीच आहेत आणि उत्तम व्याख्याने आता फोनवरही ऐकता येतात. बुरेट मात्र फोनवर धरता येत नाही. नव्या अभ्यासक्रमात प्रात्यक्षिकाचा एक श्रेयांक म्हणजे सत्रात ३० तास. दोन श्रेयांकांचे प्रात्यक्षिक असेल तर ६० तास. हे कागदावरचे. आता एका सूक्ष्मदर्शकाला चार विद्यार्थी असतील तर तुमच्या डोळ्याला तो मिळणार १५ तास. दोघांत एक असेल तर ३०. आणि प्रत्येकाला एक असेल तर पूर्ण ६०! फी तीच, पदवी तीच, आणि प्रत्यक्ष शिक्षणात चौपटीचा फरक. कॉलेजांची तुलना करायला याहून साधे मोजमाप मला ठाऊक नाही.

मी स्वतः शिकलो ते एका मोठ्या शहरातील, मोठ्या नावाच्या कॉलेजात; नाव सांगत नाही. तीन वर्षांत वर्णपटमापीला माझा हात दोनदा लागला. आमच्या गटात पाच जण होते. एक जण स्क्रू फिरवी, बाकीचे चौघे त्याचे आकडे उतरवून घेत आणि मार्च महिन्यात वह्या पूर्ण करीत. पुढे तालुक्याच्या गावी शिकवायला लागलो तेव्हा माझ्या वर्गात अकरा मुले होती आणि वर्णपटमाप्या तीन, त्यांपैकी एक मोडकी. ती मोडकी आम्ही दिवाळीच्या सुटीत उघडून बसलो. दोघा मुलांनी तिची भिंगे पुसून, फट नीट करून ती चालू केली. सोडियमच्या पिवळ्या रेषा दोन आहेत, एक नाही, हे त्यांना पुस्तकाने सांगितले नाही. त्यांनी ते पाहिले. परीक्षेत त्यांना मजपेक्षा कमी गुण मिळाले असतील, पण त्या वयात मला जे येत नव्हते ते त्यांना येत होते.

तर मग लहान कॉलेज तेवढे चांगले, असे मी म्हणतो काय? मुळीच नाही. हा लेख वाचून कोणी तसे समजले तर माझ्यावर दोष येईल. लहान कॉलेजाचे लहानपण दोन प्रकारचे असते. एकात मुले कमी आणि शिक्षक पुरेसे; दुसऱ्यात मुलेही कमी आणि शिक्षकही नाहीत. दुसऱ्या प्रकारच्या कॉलेजात जागा रिकाम्या असतात, तासिका तत्त्वावर नेमलेले तरुण तुटपुंज्या मानधनावर दोन-दोन कॉलेजांत धावत असतात आणि प्रयोगशाळा निरीक्षण समिती येते तेव्हाच उघडते. त्या तरुणांना मी नावे ठेवीत नाही; त्यांच्यातले कित्येक उत्कृष्ट शिकवितात. पण ज्याला पुढच्या सत्रात आपण येथे असू की नाही हे ठाऊक नाही, तो तुम्हाला दिवाळीच्या सुटीत मोडके उपकरण उघडून देईल कसा? जुएट त्या गावात वर्षानुवर्षे होते, म्हणून हॉलला मणी घेऊन जायला ठिकाण होते.

हे ओळखावे कसे? कॉलेजात जा. प्रवेशाच्या दिवसांत नव्हे, तर अकरावी-बारावीत असतानाच, जुलै ते फेब्रुवारीमधल्या एखाद्या साध्या कामाच्या दिवशी, दुपारी दोनच्या सुमारास. प्राचार्यांना भेटा, नमस्कार करा, पण माहिती दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून घ्या. प्रात्यक्षिक दर आठवड्याला होते का? सर नसले तर काय करता? ग्रंथालयातील पुस्तक घरी नेता येते का, की कपाटाच्या काचेतूनच पाहायचे? रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचा. सगळ्या बाटल्या भरलेल्या आणि धूळ बसलेल्या असतील तर समजा, येथे कोणी काही वापरीत नाही. टेबलावर डाग असतील, बेसिनमध्ये परीक्षानळ्या पडलेल्या असतील, तर आनंद माना! प्रयोगशाळा परिचर या माणसाशी जरूर बोला. कॉलेजाची खरी नाडी त्याला ठाऊक असते. मंजूर पदे किती आणि भरलेली किती, हा प्रश्न कार्यालयात विचारायला संकोच वाटेल. तो वडीलधाऱ्यांनी विचारावा. आणि एक प्रश्न कधीही विसरू नका: मला हवा असलेला मुख्य विषय शेवटपर्यंत येथे घेता येतो का, आणि गेल्या वर्षी तो वर्ग प्रत्यक्ष भरला का? पहिल्या वर्षाला भौतिकशास्त्र आहे, तिसऱ्या वर्षाला मात्र ‘विद्यार्थी अपुरे’ म्हणून विषयच बंद, हा अनुभव पुष्कळांनी घेतला आहे. १९९४ साली स्थापन झालेल्या ‘नॅक’ या संस्थेची श्रेणी कॉलेजाच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते. ती कोणत्या वर्षाची आहे, तेही वाचा.

‘पण सर, पुढे नावाला किंमत असतेच ना?’ असे तुम्ही विचाराल. असते. खोटे कशाला बोलू? शहरातल्या नामांकित कॉलेजात हुशार सोबती मिळतात, मोठी व्याख्याने ऐकायला मिळतात, इंग्रजीची भीती लवकर जाते. ज्याला कमी खर्चात तेथे राहण्याची सोय आहे, त्याने अवश्य जावे. पुण्याच्या आयसरसारख्या, २००६ साली सुरू झालेल्या संस्थेत प्रवेशपरीक्षेतून जागा मिळाली तर माझा हा सगळा लेख बाजूला ठेवा आणि जा. पण ती मिळाली नाही म्हणजे दार बंद झाले, हे मात्र खरे नाही. बी.एस्सी.नंतर आय.आय.टी.त एम.एस्सी.ला जाण्यासाठी ‘जॅम’ ही परीक्षा असते. तिच्या उत्तरपत्रिकेवर कॉलेजाच्या नावाला गुण नाहीत. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचा ‘निअस’ हा उपक्रम पदवीच्या विद्यार्थ्यांसाठीच आहे. गणिताची आवड असणाऱ्यांसाठी १९९३ पासून ‘एम.टी.टी.एस.’ ही उन्हाळी शिबिरे सुरू आहेत. देशातील विज्ञान अकादमी एकत्रितपणे उन्हाळ्यात विद्यार्थ्यांना नामवंत शास्त्रज्ञांकडे काम करायला पाठवितात आणि विद्यावेतनही देतात. या सर्वांना अर्ज गावातूनही करता येतो. मात्र अर्जाची तारीख फळ्यावर लिहिणारा एक शिक्षक कॉलेजात असावा लागतो, आणि तो नसेल तर ही यादी तुम्ही स्वतः वहीत लिहून ठेवा.

के. शिवन यांचे नाव तुम्ही चांद्रयान-२ च्या वेळी ऐकले असेल. जानेवारी २०१८ ते जानेवारी २०२२ या काळात ते ‘इस्रो’चे अध्यक्ष होते. कन्याकुमारी जिल्ह्यातील शेतकऱ्याचा हा मुलगा तमिळ माध्यमाच्या सरकारी शाळेत शिकला आणि नागरकोईलच्या एस. टी. हिंदू कॉलेजात गणित घेऊन पदवीधर झाला. वडिलांनी हे कॉलेज का निवडले? घराजवळ होते, आणि कॉलेज सुटल्यावर मुलाला शेतात मदत करता येत असे! त्यानंतर ते मद्रासला विमानविद्येच्या अभ्यासाला आणि मग बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेले. प्रत्येक लहान कॉलेजातून शिवन निघत नाहीत, हे मलाही कळते. मला दाखवायचे आहे ते इतकेच, की पहिला मुक्काम स्वस्त आणि जवळचा ठेवून पुढचा लांबचा ठेवता येतो.

आपल्याकडे तर या विचाराची परंपरा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९४७ साली साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू केले ते ‘कमवा व शिका’ या तत्त्वावर. मुलांनी शेतात, बांधकामावर घाम गाळावा आणि शिकावे. अमेरिकेत केंटकी राज्यात बेरिया नावाचे असेच एक लहान कॉलेज आहे. १८९२ पासून तेथे शिकविण्याची फी घेतलेली नाही आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान दहा तास काम करावेच लागते. आज आपल्या अनेक कॉलेजांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. बागेत, ग्रंथालयात, कार्यालयात तासांवर काम मिळते. माझे मत विचाराल तर यातले काही काम प्रयोगशाळेत द्यावे. उपकरणे पुसणे, द्रावणे तयार करणे, यादी ठेवणे यांत मुलाला दोन पैसे मिळतील आणि कपाटाची किल्लीही हातात येईल.

मुलींविषयी वेगळे लिहिले पाहिजे. गावोगावी असे दिसते, की मुलाला शहरात पाठवितात आणि मुलीला ‘जवळ आहे तेथे शिक’ म्हणतात. हे बरोबर नाही, आणि मी पालकांशी यावरून पुष्कळदा भांडलो आहे. पण ते बदलेपर्यंत त्या मुलीचे सारे विज्ञान तालुक्याच्या कॉलेजातील त्या एका प्रयोगशाळेवर अवलंबून राहते. तेथील रसायनशास्त्राची जागा तीन वर्षे रिकामी राहिली तर शहरातल्या मुलाचे काही बिघडत नाही, हिचे बिघडते. म्हणून जवळच्या कॉलेजातील रिकाम्या जागांचा प्रश्न ग्रामसभेत आणि पालकसभेत विचारला जावा, असे मला वाटते.

शिक्षकमित्रांना एक विनंती. २८ फेब्रुवारी १९२८ च्या रामन परिणामाच्या घोषणेची आठवण म्हणून १९८७ पासून आपण राष्ट्रीय विज्ञान दिन पाळतो. त्या दिवशी पुष्कळ कॉलेजे शाळांसाठी प्रयोगशाळा उघडी ठेवतात. नववी-दहावीच्या मुलांना घेऊन जा. मुलांना सूक्ष्मदर्शक स्वतः जुळवू द्यावा, असा आग्रह तेथील प्राध्यापकांकडे धरा. त्या दिवशी टेबले पुसलेली असतात आणि भिंतीवर तक्ते असतात. म्हणून पुढच्या जुलैत, एखाद्या मंगळवारी दुपारी, न कळविता पुन्हा एकदा जा.